७०७ घोडे आणि मागचे दोन टायर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा आपल्यातला एक मुलगा, आयटीत आहे, आठ वर्षं टोयोटा कॅमरी चालवून कंटाळलाय, कर्ज फिटलंय, आणि आता त्याला सेकंडहँड डॉज चॅलेंजर हेलकॅट घ्यायचीय, म्हणजे दोन दारांच्या अमेरिकन चॅलेंजरची ७०७ घोड्यांची (हॉर्सपॉवरची) आवृत्ती. रोज ऑफिसला पण तीच न्यायची म्हणतो. घरात चार वर्षांची पोरगी, बायकोचं म्हणणं हा पोरखेळ आहे. तर "दादा, खरंच दम आहे का नुसती शोबाजी, आणि घेऊ का नको?"

दम आहे. शोबाजी पण आहे. आणि घेऊ का नको ते शेवटी सांगतो, कारण लगेच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात मामाच्या लेथवर लुडबुड करत मोठा झालो, मिशिगनला येऊन २३ वर्षं झाली. पहिली काही वर्षं ब्रेक टेस्टिंगमधे काढली, त्यानंतर एका छोट्या वर्कशॉपमधे आहे आणि तिथे निम्म्याहून जास्त काम मस्टँग, कमॅरो, चॅलेंजर, चार्जर याच गाड्यांचं. स्वतःकडे अशी एकच होती, २०११ ची मस्टँग जीटी, सहा वर्षं वापरली आणि विकताना डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. त्यामुळे मी काही या गाड्यांना नावं ठेवणाऱ्यातला माणूस नाही.

आधी या गाड्या माणसाला वेड का लावतात ते बोलू, कारण तुझ्या बायकोला वाटतं तसा हा निव्वळ पोरखेळ नाहीये. २००६ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या ऑटो शोला चॅलेंजर आणि कमॅरो दोन्हीच्या कन्सेप्ट गाड्या एकाच वेळी आल्या होत्या, मी तिथे होतो, आणि मला गाडीपेक्षा जास्त लक्षात राहिलेत ते तिथले म्हातारे. सत्तरीचे बाबा लोक, रिटायर झालेले कारखान्यातले कामगार, दोरीच्या अलीकडे उभे राहून नुसते बघत होते. त्यांच्या तरुणपणी १९६४ ला मस्टँग आली, पॉन्टिअॅक जीटीओ आली, १९६७ चं मॉडेल म्हणून कमॅरो, १९७० चं म्हणून चॅलेंजर, आणि मग दहा वर्षांच्या आत सगळं आटोपलं. इन्शुरन्सवाल्यांनी या गाड्यांवर जादा हप्ते लावले, प्रदूषणाचे कायदे आले, १९७३ ला तेलाचं संकट आलं. चॅलेंजर १९७४ ला बंद पडली. १९७५ च्या कॉर्वेटचं, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात मिरवणाऱ्या स्पोर्ट्स कारचं, साधं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन १६५ हॉर्सपॉवरचं होतं. त्या पिढीच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं झालं होतं, आणि तीस वर्षांनी तो ताट वाढून परत आला, तोही एअरबॅग आणि एसी लावून.

एक गंमत सांगतो, जुने आकडे बघून फसू नकोस. १९७० च्या ४२६ हेमीचे, म्हणजे डॉजच्या मोठ्या व्ही-८ इंजिनाचे, कागदावर ४२५ हॉर्सपॉवर लिहिलेत, पण तो ग्रॉस आकडा, म्हणजे इंजिन स्टँडवर चढवून, गाडीतला सायलेन्सर, फिल्टर वगैरे लोढणी काढून मोजलेला. १९७२ पासून नेट आकडे लिहायला लागले, गाडीत बसवल्यावर जेवढे मिळतात तेवढे. त्यामुळे २००८ च्या चॅलेंजरला पण ४२५ च लिहिले तरी ती जुनीपेक्षा खरोखरची ताकदवान होती. आणि पुढे तर काय, २०१५ ला हेलकॅट ७०७, २०१८ ला तिच्याहून भारी डीमन ८०८, आणि २०२३ ला शेवटची डीमन १७०, इथेनॉल मिसळलेल्या ई८५ इंधनावर १०२५. नाद खुळा म्हणतात तो हाच.

आता आवाज. हा विषय आला की मी थांबत नाही, तेव्हा सांभाळून घे. अमेरिकन व्ही-८ चा तो गुडगुड आवाज येतो कुठून हे मला इकडे येईपर्यंत नीट माहीत नव्हतं. हेमीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, आहे १-८-४-३-६-५-७-२. विषम नंबरचे सिलिंडर एका बाजूला, सम नंबरचे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू मिळून बघितलं तर इंजिनचा दांडा दर ९० डिग्री फिरला की एक धमाका, एकदम सरळ हिशोब, पण एकाच बाजूच्या सायलेन्सरच्या पाइपला कान लावलास तर धमाक्यांमधलं अंतर २७० डिग्री, मग १८०, मग ९०, मग परत १८०. म्हणजे लांब, मध्यम, पटकन, मध्यम. हलगी ऐकलीयस ना? सारख्या अंतरावर काठी पडली तर त्यात काय मजा, मधे एक ठोका लवकर पडतो म्हणून पाय थिरकतो. तेच हे. सगळे ठोके समान अंतरावर पडणारी फेरारीची व्ही-८ किंचाळते, ही गुरगुरते. आणि हा आवाज आयडलला, म्हणजे गाडी जागेवर सुरू असताना, पार्किंगमधून निघताना, २० च्या स्पीडला मिळतो, त्याला १५० ची गरज नाही. हा मुद्दा डोक्यात ठेव, परत लागणार आहे.

दुसरी गोष्ट खालच्या आरपीएमची ओढ. तुझ्या कॅमरीचं चार सिलिंडर इंजिन १७० पौंड-फूटच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, तेही वर ४००० ला गेल्यावर. चॅलेंजर स्कॅट पॅकचं, म्हणजे हेलकॅटच्या खालच्या आवृत्तीचं, ६.४ लिटरचं इंजिन, ज्याला सगळे ३९२ म्हणतात, ते ४७५ देतं. पावणेतीन पट. सिग्नल सुटल्यावर पाय पेडलवर नुसता ठेवायचा, दाबायचा पण नाही, आणि गाडी अशी सरकते की जणू मागून कोणीतरी तळहाताने ढकलतंय. टर्बोची वाट बघणं नाही, गिअरबॉक्सची घाई नाही. ऑफिसातून पिचून आलेल्या माणसाला यात जे सुख मिळतं ते मी शब्दात सांगू शकत नाही आणि मी प्रयत्न पण करत नाही.

पण आता ते ७०७.

हेलकॅटचं वजन सुमारे २०२० किलो, तू बसलास, थोडं पेट्रोल, धर २१००. उभ्या गाडीचं त्यातलं मागच्या चाकांवर निम्म्याहून कमी, पण जोरात निघताना वजन मागे सरकतं म्हणून धर ११००-११५० किलो. चांगला गरम झालेला रबर कोरड्या रस्त्यावर साधारण जेवढं वजन त्याच्यावर तेवढाच धक्का रस्त्याला देऊ शकतो, त्याच्या वर घसरतो. आता इंजिनचे ७०७ गिअरबॉक्स, डिफरन्शियलमधे झिजून चाकापाशी सहाशेच्या आतच पोचतात. हे सगळं कागदावर मांडून गुणाकार भागाकार केलास तर उत्तर येतं ८० ते ८५ मैलांच्या आसपास. म्हणजे ताशी ८० मैल, आपल्या भाषेत १३० किलोमीटर, त्याच्या खाली तू पेडल पूर्ण दाबलंस तर सगळे घोडे रस्त्यावर उतरतच नाहीत, टायर जाळतात नाहीतर कॉम्प्युटर त्यांना मागे खेचतो. आणि ८० च्या वर तुझी टर्नपाइकची लिमिट संपलेली असते. सांग, वापरणार कुठे? हाच हिशोब स्कॅट पॅकच्या ४८५ ला लावला तर उत्तर येतं ६०-६५ मैल. म्हणजे हायवेच्या रॅम्पवर, कायद्याच्या जरा आतबाहेर का होईना, एकदा तरी इंजिन पूर्ण वापरायला मिळतं. रस्ता ओला असेल तर मग हेलकॅटचं काही खरं नाही, हायवेच्या स्पीडला पण मागचं चाक सुटू शकतं.

कंपनीला हे माहीत नाही असं नाही हां. हेलकॅटला दोन चाव्या दिल्यात, लाल आणि काळी, काळीने सुरू केली तर गाडी ५०० च्या आसपासच सोडते. आणि डीमनमधे ८०८ घोडे रस्त्यावर उतरवायचे म्हणून चक्क ड्रॅग रेसचे मऊ टायर दिले, जे पावसात आणि थंडीत वापरायचे नसतात. (त्याच डीमनमधे वजन वाचवायला पुढची शेजारची सीट आणि मागची सीट काढून टाकलेली आणि हवी असेल तर एक-एक डॉलरला परत घ्या म्हणे. एक डॉलरची सीट! उद्यमनगरात हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.)

माझी स्वतःची फजिती सांगतो, लाज वाटते पण सांगतो. २०१७ ची गोष्ट, ऑक्टोबर संपत आलेला, एका गिऱ्हाइकाची हेलकॅट थर्मोस्टॅट बदलायला आली होती. काम झाल्यावर टेस्ट ड्राइव्हला मी नेली. सकाळी पाऊस पडून गेलेला, रॅम्पवर मेपलची पिवळी पानं चिकटलेली, गाडीला समर टायर, गार. मी घाईबिई केली नव्हती, पेडल अर्धंच दाबलं, ट्रॅक्शन कंट्रोल चालू होता, पण आठ गिअरच्या ऑटोमॅटिकने दोन गिअर एकदम खाली घेतले आणि मागची बाजू अशी बाहेर निघाली की मी आरशात न बघता बाजूच्या काचेतून रस्ता बघत होतो. स्टिअरिंग उलटं मारलं, कॉम्प्युटरने पण ब्रेक लावले असणार, तरी गाडी अर्धी फिरून गवतात जाऊन थांबली, तोंड आलो त्या दिशेला. कशाला धडकलो नाही हे माझं नशीब. पोटात जो गोळा आला तो वर्कशॉपला पोचेपर्यंत गेला नाही, आणि नंतर अर्धा तास बसून बंपरखालच्या जाळीतून ओलं गवत बोटांनी उपसून काढत होतो. मालकाला सरळ सांगितलं काय झालं ते. तो हसला आणि म्हणाला, "तू लाल चावी नेलीस? मी तर वर्षभर काळीच वापरतोय." म्हणजे बघ, ७०७ चे पैसे दिलेला माणूस ५०० वर फिरतोय, कारण त्याला अक्कल आहे.

समर टायरचं एक लक्षात घे, ४-५ डिग्री सेल्सिअसच्या खाली त्यातला रबर कडक होतो, बर्फ असायचीच गरज नाही, कोरड्या थंडीत पण पकड जाते. न्यू जर्सीत नोव्हेंबर ते मार्च सकाळी ऑफिसला जाताना तू याच टप्प्यात असणार. म्हणजे रोज वापरायची तर टायरचा दुसरा सेट हवाच, रिमसकट, आणि ठेवायला जागा पण. तुझ्याकडे गॅरेज आहे का अपार्टमेंट, ते तू लिहिलं नाहीस.

ब्रेकबद्दल मी जास्त बोललो तर हे पुस्तक होईल. एवढंच सांगतो, १०० मैलांवरून गाडी थांबवताना ब्रेकमधे जी उष्णता तयार होते ती ६० वरून थांबवण्याच्या जवळजवळ पावणेतीन पट असते, आणि दोन टनाच्या गाडीत ती सगळी त्या चार डिस्कमधे जाते. हेलकॅटचे ब्रेक मोठे आहेत, चांगले आहेत, पण ट्रॅकवर दोन-चार फेऱ्या मारून आलेल्यांचे पॅड मी बघितलेत, कडा भाजून पांढऱ्या झालेल्या असतात. सरळ रेषेत पळायला आणि मिरवायला बनवलेली गाडी आहे ही. वळणावर तिचं वजन कळतं, मनगटाला नाही, छातीला.

आता रेट्रो डिझाइनची किंमत, ही गोष्ट शोरूममधे कोणी सांगत नाही. जुन्या गाडीसारखा जाड मागचा खांब, उंच दरवाजा, ठेंगण्या काचा, हे फोटोत भारी दिसतं पण जुन्या गाडीत तो खांब पातळ पत्र्याचा होता, आता छप्पर चिरडू नये म्हणून आतून मजबूत, जाड. त्यामुळे मागे वळून बघितलं की खांबच दिसतो. कमॅरोमधे तर बंकरच्या फटीतून बघितल्यासारखं वाटतं, मी लेन बदलताना अजून देवाचं नाव घेतो. चॅलेंजर त्या मानाने बरी, मोठी आहे, पाच मीटरहून जास्त लांब, डिकी चांगली ऐसपैस, मागच्या सीटवर मोठा माणूस खरंच बसतो, हे मस्टँग आणि कमॅरोत होत नाही. पण दरवाजे दोन, आणि तेही लांबलचक. एडिसनच्या देशी ग्रोसरीच्या पार्किंगमधे शनिवारी दुपारी तो दरवाजा अर्धा उघडून, पुढची सीट पुढे सारून, झोपलेल्या चार वर्षांच्या पोरीला चाइल्ड सीटमधून बाहेर काढायचं, एका हातात मेथीची पिशवी. हे एकदा डोळ्यासमोर आण. तुझ्या बायकोने कदाचित आणलंय.

पेट्रोल, चला उरकतो. प्रीमियम लागतं, शहरात गॅलनला १३ मैल, म्हणजे लिटरला साडेपाच किलोमीटर. हायवेला बाविसेक. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा सरकारचा गॅस गझलर टॅक्स नव्या गाडीवर होता, तो पहिल्या मालकाने भरलाय, तुला नाही. पूर्ण दाबल्यावर हेलकॅट मिनिटाला एक गॅलनच्या वर पेट्रोल पिते, नुसता सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, फिरवायलाच सुमारे ८० घोडे खर्च होतात. पण कोणी पूर्ण दाबत नाही, वर सांगितलंच. पेट्रोलने कोणी भिकेला लागत नाही, लागतो तो इन्शुरन्सने आणि टायरने. मागच्या टायरची जोडी हौशी माणूस एका उन्हाळ्यात संपवतो, शहाणा माणूस दोनेक वर्षं पुरवतो.

आणि चोरी. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगायला हवी होती खरं तर. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट म्हणून इन्शुरन्सवाल्यांची संस्था आहे, त्यांच्या २०२३ च्या आकड्यांत हेलकॅटची बहीण, म्हणजे चार दाराची चार्जर हेलकॅट, सरासरी गाडीच्या ६० पट जास्त चोरीला जात होती. साठ टक्के नाही, साठ पट. चोर आत घुसतात, डायग्नोस्टिकच्या सॉकेटला यंत्र लावून नवी चावी प्रोग्रॅम करतात, दोन-तीन मिनिटांचं काम. यावर डॉजने २०२१ ला एक सॉफ्टवेअर अपडेट काढला, कोड टाकला नाही तर गाडी सुरू होते पण फक्त २.८ हॉर्सपॉवर देते. विहिरीवरची ३ एचपीची मोटार आठवली का? तेवढीच. तुझ्या गाडीत तो अपडेट टाकलाय का हे डीलरकडे चेसिस नंबर देऊन विचारून घे, आणि स्टिअरिंगला जुन्या पद्धतीचा लोखंडी दांडा लाव, दिसायला गावठी पण चोर पुढच्या गाडीकडे जातो. आणि सेकंडहँड घेताना चेसिस नंबर काचेपाशी, दाराच्या चौकटीवर आणि कॉम्प्युटरमधे तिन्हीकडे एकच आहे का बघ. चोरीच्या गाडीला दुसऱ्याचा नंबर लावून विकणं सर्रास चालतं, गाडी पण जाते आणि पैसे पण.

इंजिनकडे येऊ. हेमीचं दुखणं म्हणजे तो टिक-टिक आवाज, इंटरनेटवर यावर रामायण लिहिलंय. दोन प्रकार असतात आणि दोन्हींचा खर्च जमीन-अस्मान. गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सुरू कर, बोनेट उघडून कान दे. टिक-टिक येते आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापल्यावर विरते, तर बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, साधारण मागच्या कोपऱ्यातला, लोखंड तापून फुगलं की फट बुजते म्हणून आवाज जातो. हे निस्तरता येतं. पण गरम झाल्यावरही टिक-टिक राहिली, आणि आरपीएम वाढवल्यावर त्याच्याबरोबर वाढली, तर लिफ्टरचा रोलर जाम होऊन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खरवडत असण्याची शक्यता आहे. मग हेड खोलावे लागतात. चांगल्या कॅमच्या लोबवर नख फिरवलं तर काचेसारखं सरकतं, खराब झालेल्यावर नख अडकतं, कानशीवर अडकावं तसं. ऑटोमॅटिकवाल्या ५.७ आणि ३९२ मधे निम्मे सिलिंडर बंद करायची सिस्टीम असते, हेलकॅटमधे ती नाही. गाडी तासन् तास आयडलवर ठेवू नये असं आम्ही सगळेच सांगतो, कॅमला खालच्या आरपीएमला तेल कमी उडतं म्हणून. ऑइल ०डब्ल्यू-४०, ३९२ ला आणि हेलकॅटला सात क्वार्ट, वेळेवर. आणि स्पार्क प्लग सोळा, आठ नव्हे, एका सिलिंडरला दोन. पहिल्यांदा बिल बघून लोक भांडायला येतात.

हेलकॅट बघायला जाशील तेव्हा आणखी एक, सुपरचार्जरची पुली मूळची आहे का छोटी बसवलीय ते विचार, जास्त बूस्टसाठी पुली बदलतात आणि विकताना परत मूळची लावतात. पुलीच्या कडेला, बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या खुणा दिसल्या तर सरळ विचार, आणि विकणारा अडखळला तर चहा पिऊन घरी ये.

मस्टँगचं काय, तर या तिघींत तीच एकटी अजून नवी मिळते. चॅलेंजर कॅनडात ब्रॅम्प्टनला बनायची, डिसेंबर २०२३ ला बंद. कमॅरो २०२४ च्या मॉडेलवर थांबली. मस्टँग जीटीचं ५ लिटर इंजिन वरच्या आरपीएमला पळणारं आहे, गाडी हलकी आहे, वळणावर चॅलेंजरला ऐकत नाही, पण मागची सीट म्हणजे दप्तर ठेवायची जागा. पोरगी अजून दोन-तीन वर्षं मावेल, मग पाय मारेल तुझ्या पाठीत.

अधूनमधून पुण्या-कोल्हापूरहून फोन येतात, इकडची चॅलेंजर तिकडे आणता येईल का म्हणून. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी तिकडे रजिस्टर करणं म्हणजे डोकेदुखी, शिवाय ड्युटी, नाद सोडा. मस्टँग मात्र २०१६ ला अधिकृतपणे भारतात आली होती, उजव्या स्टिअरिंगची, ५ लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाखांना. माझ्या एका मित्राच्या ओळखीत एक आहे, तो ती रविवारी सकाळी सहाला काढतो आणि स्पीडब्रेकर तिरपे चढवत हायवेपर्यंत नेतो. तो पण खूश आहे बरं का.

कारण खुशीचं आणि स्पीडचं काही नातं नाही या गाड्यांत. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, हजारो गाड्या, फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत. मी फोल्डिंग खुर्ची आणि घरून बांधून आणलेला चिवडा घेऊन रॉयल ओकपाशी बसतो. दिवसभर ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी, कोणी पंचवीसच्या वर जात नाही, ७०० वाला पण नाही आणि १९६६ ची २०० वाली पण नाही, आणि सगळे काचा खाली करून हसतायत. फूटपाथवरचा पोरगा ओरडतो, ड्रायव्हर क्लच दाबून एकदा गुर्रर करतो, झालं.

तर आता तुझं उत्तर. हेलकॅट घेऊ नकोस. रोज ऑफिस, थंडी, एकच गाडी, लहान पोर, आणि या ताकदीची पहिलीच गाडी, या पाचांतलं एखादं असतं तर मी म्हटलं असतं बघ बाबा तुझं तू. पाचही आहेत. स्कॅट पॅक घे, ऑटोमॅटिक, २०१९ नंतरची, वाइडबॉडी, म्हणजे रुंद बांध्याची, मिळाली तर उत्तम कारण तिचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद आहेत, साधीचे २४५. साधीला एवढ्या घोड्यांसाठी ते कमीच. मॅन्युअल चालवायला मजा आहे हे मलाही मान्य, पण रूट वनवर संध्याकाळी साडेपाचला डावा पाय तुला शिव्या देईल. आणि कॅमरी विकू नकोस. तिला आता तसेही फार पैसे येणार नाहीत, ती बर्फाला आणि किराण्याला राहू दे, म्हणजे चॅलेंजर चार महिने झाकून ठेवता येईल आणि टायरचा दुसरा सेट पण वाचेल.

त्याआधी दोन गोष्टी कर. तुझ्या पत्त्यावर इन्शुरन्सचा कोट काढ, दोन्हींचा, हेलकॅट आणि स्कॅट पॅक, गाडी बघायला जायच्या आधी. आणि एक वीकेंड चॅलेंजर भाड्याने घे, कोणतीही, व्ही-६ मिळाली तरी चालेल कारण बॉडी तीच आहे, आणि तुझ्या त्याच पार्किंगमधे लाव, पोरीची सीट मागे बसव, ग्रोसरी करून ये. बायकोला चालवू दे. कोट आले की आकडे मला कळव, चेसिस नंबर मिळाला तर तोही, आणि गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेव की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. तू पोचलास आणि बोनेट कोमट लागलं, तर तो टिक-टिक लपवतोय असं समज.